गल्लीतले कडुनिंब

कुठं कडुनिंब तोडला की त्या कडवट वासानं मला पाटोद्यातली आमची गल्ली आठवते. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तरी धुण्याचं पाणी राखून सगळ्या घरांनी मिळून अकरा रोपं डोक्याइतकी वाढवली होती. मग टेलिफोनच्या तारेसाठी चर खणायला मजूर आले. शेजारच्या काकू झाडाला धरून उभ्या राहिल्या. "जरा बाजूनं खणा की रे!" मजुरानं कुदळ थांबवली. "लई वाईट वाटतंय माय, पण खुणा सायबानं केल्यात. आमच्या हातात काय हाय?" काकूंनी माझ्याकडं पाहिलं. गल्लीतून फोनसाठी पहिला अर्ज माझाच होता. मी मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत अकराही झाडं आडवी झाली. आज वाटतं, झाडं वाचली नसतीच, पण निदान काकूंच्या शेजारी जाऊन उभं राहायला हवं होतं.