एकाच डब्यातलं पाणी

समुद्र आमच्या रक्तात आहे, असं आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, छाती फुगवून सांगतो. पुरावा एवढाच, की दोन हजार वर्षांपूर्वी आमचे पूर्वज एका बोटीतून आले, ती बोट नवगावच्या किनाऱ्याला फुटली, आणि जे वाचले त्यांनी लगेच जमिनीवर तेलाचा घाणा टाकला. समुद्राबद्दल त्यांचं मत यावरून समजावं.

दुसरी गोष्ट. माझा चमत्कारासारख्या प्रकारांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. मुंबईत आमच्या चाळीत कुणाच्या अंगात आलं की मी थर्मामीटर घेऊन जायचो, त्यामुळे मला बोलावणं बंद झालं होतं. इथे इस्राएलला आल्यावर लोदच्या विमानतळावर स्टोअरमध्ये लागलो. जे तपासता येत नाही ते शेल्फवर ठेवायचं नाही, हा माझा धंदाही आणि धर्मही. तरीपण १९६३ च्या मे महिन्यात जे घडलं ते कुठल्या शेल्फवर ठेवू, ते मला अजून कळलेलं नाही... वाचकांनीच ठरवावं.

माझा थोरला भाऊ अब्राहाम, आमचा दादा, मुंबईच्या गोदीत सुतार होता. बोटीचं लाकूड नुसतं ठोकून सांगायचा, आत कुजलंय की नाही. इथे त्याला किर्यात मलाखी गावाला पाठवलं आणि संत्र्यांच्या खोक्यांना खिळे मारायला बसवलं. वर्षभर खिळे मारून तो एके दिवशी उठला आणि याफोच्या बंदरात गेला. तिथे 'ऑगस्टा' नावाची जुनी लाकडी शिडाची बोट होती, आणि तिच्यावर कॅप्टन होता. सगळे त्याला कॅप्टन म्हणत, कारण त्याने तसं सांगून ठेवलं होतं. हॅम्बुर्गला त्याचं टोप्यांचं दुकान होतं. डोक्यावरची टोपी मात्र अस्सल होती.

दोघांचं ठरलं ते असं: दादाने बोट दुरुस्त ठेवायची आणि त्याबदल्यात दादा-वहिनीने तिच्यावरच राहायचं. कॅप्टनला हुक्की आली की शीड उभारायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कधी अश्कलोनला, कधी उत्तरेला जायचं. आमच्या दिनावहिनीने त्या पेटीएवढ्या केबिनमध्ये दोन वर्षं संसार केला. बोट डुलली की एका हाताने पातेलं धरायचं आणि दुसऱ्याने कालवण ढवळायचं. तक्रार एकच. "भावजी, या घराला दार आहे, पण शेजार नाही हो."

त्या वर्षी वहिनीला पाचवा महिना होता. आधीची दोन गेली होती, त्यामुळे कोणी मोठ्याने काही बोलत नव्हतं. हैफाला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याने दादाला काम आणि इस्पितळाजवळ खोली कबूल केली होती. कॅप्टनला हैफाच्या लोकांना आपली बोट दाखवायची होतीच. म्हणून ही शेवटची फेरी. सामान उचलायला मी रजा काढून गेलो.

याफोच्या धक्क्यावरच्या नळाला पाण्याचे दोन्ही जेरीकॅन मी स्वतः भरले, चाखून बघितले आणि झाकणं घट्ट केली. बोटीमागे बांधायचं छोटं होडकं कॅप्टनने धक्क्यावरच ठेवायला लावलं. ते ओढत नेलं की म्हणे बोट मजुरासारखी दिसते.

गुरुवारी संध्याकाळी कैसारियाच्या पडक्या बंदरात नांगर टाकला. वहिनीने त्याच जेरीकॅनमधल्या पाण्यात काळ्या मनुका भिजत घातल्या. कोकणात वाइन कुठली मिळायला? म्हणून आमच्याकडे शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागला की पेल्यावर जी प्रार्थना म्हणतात, त्या किद्दुशला मनुकांचं सरबत करतात... भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. सकाळी सरबताची बाटली तयार झाली. कॅप्टनने ती उचलून उन्हात धरली.

"यावर तुम्ही किद्दुश म्हणता?" तो इंग्रजीत म्हणाला. "हे तर बालवाडीचं पेय. उगाच नाही रब्बी लोक तुमच्या आज्यांची चौकशी करत."

त्या दिवसांत आम्ही अस्सल ज्यू की नाही या तपासात आमच्या मुलांची लग्नं खरोखरच आजीच्या आजीपाशी येऊन अडत होती. दादाने रंधा खाली ठेवला. "सामू, याला सांग, आजीची चौकशी कर म्हणावं. तिच्या सरबताची नको."

मी भाषांतर केलं नाही. करायला हवं होतं असं नंतर अनेकदा वाटलं.

शुक्रवारी दुपार व्हायच्या आधी वारा मेला. मग शराव आला, म्हणजे वाळवंटाकडून येणारी ती कोरडी भट्टी. अतलितचा किल्ला समोर दिसत होता, पण आम्ही त्याच्याकडे जात नव्हतो. प्रवाह आम्हाला हळूहळू बाहेर, खोल पाण्याकडे नेत होता. इंजिन महिनाभर बंदच होतं. शीड ओल्या चादरीसारखं लोंबत होतं.

वहिनीने पेला भरून तोंडाला लावला आणि थुंकली.

"भावजी, काय भरलंत हे?"

मी चव घेतली. समुद्र. किंचित मचूळ वगैरे नाही, पोहताना नाकातोंडात जातं तसं कडू खारं. दुसऱ्या जेरीकॅनचं झाकण उघडलं. तेच. दादाने चूळ भरली आणि माझ्याकडे पाहत राहिला.

कॅप्टनने माझ्या हातातला पेला घेतला, शेवटपर्यंत प्यायला आणि मिशी पुसली. "उत्तम पाणी आहे."

मला वाटलं, हा हट्टाने प्यायला. त्याने दुसरा पेला भरला. मग तिसरा. खारं पाणी असं कोणी पिऊ शकत नाही, पोट लगेच उत्तर देतं. त्याच्या पोटाची काही तक्रार नव्हती.

"हिस्टेरिया," तो म्हणाला. "बाई गरोदर आहे, तिचं मी समजू शकतो. तुम्ही दोघे कितव्या महिन्यात आहात?"

मी स्टोव्ह पेटवला. पातेल्यात ते पाणी उकळलं, झाकणावर जमलेले थेंब बोटावर घेतले आणि चाटले. वाफेतून मीठ येत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. थेंब खारट होते. वाचकहो, मला भीती वाटली ती इथे. तोवर मी नुसता चिडलो होतो.

वहिनीचे ओठ फुटले होते. एवढ्या उकाड्यात तिला घाम यायचा थांबला. तिने दादाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दादा राखेच्या रंगाचा झाला.

"बाळ हलत नाही म्हणते."

मी कॅप्टनला म्हटलं, मदतीचं निशाण चढवा, किनाऱ्यावरून कोणीतरी बघेल.

"निशाण बुडणाऱ्या बोटीने चढवायचं असतं. माझ्या बोटीवर चाळीस लिटर पाणी आहे. हैफात मी काय सांगू, माझ्या खलाशांना पाणी आवडलं नाही?" आणि निशाणांच्या पेटीवर तो बसला. खरोखर बसला, मांड्या पसरून.

तेव्हा दादाने सरबताची बाटली काढली.

"दिना, हे पी."

"शब्बाथ लागला नाही अजून."

"अगं, मरशील!"

"त्यावर ब्राखाची प्रार्थना झालेली नाही. या खेपेला मी काही मोडणार नाही. काही म्हणजे काही नाही. मागच्या दोन वेळेला मोडलं होतं का मी, ते मला ठाऊक नाही... पण या वेळेला ठाऊक असणार आहे."

 दादाने शर्टाची बटणं लावली, डोक्यावर टोपी घातली, पेला भरला, आणि भर दुपारी, सूर्य मावळायला चार तास बाकी असताना, आमच्या कोकणी चालीत किद्दुश म्हणायला सुरुवात केली. घसा इतका सुकलेला, की अर्धे शब्द नुसतेच ओठांवर. कॅप्टन हसत होता. सरबतही त्याच पाण्याचं, ते खारटच निघणार, अशी माझी खात्री होती, आणि तसं निघालं की काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

वहिनी प्यायली.  पेला पुन्हा पुढे केला.

दादाने आणि मी जीभ ओली करण्यापुरतं घेतलं. मनुकांचं सरबत, घरच्यासारखं गोड, किंचित आंबट. दुसरं काही नाही.

मग दादाने तोच पेला कॅप्टनपुढे धरला. "किद्दुशचा पेला हजर असेल त्या सगळ्यांकडे फिरतो. माणूस बघायचा नसतो."

कॅप्टनने तोंडभर घोट घेतला आणि फवारा उडवला. "समुद्राचं पाणी!" त्याने दादाची गळपट्टी धरली. "मला समुद्राचं पाणी पाजतोस? माझ्या बोटीवर?"

मी त्याच्या हातातून पेला सोडवला आणि वहिनीकडे दिला. तिने उरलेलं त्याच्या डोळ्यांदेखत संपवलं आणि पदराने तोंड टिपलं.

कॅप्टनने दादाला सोडलं. जेरीकॅनमधून स्वतःसाठी पाणी घेतलं, एक घोट प्यायला, थांबला, दुसरा प्यायला. त्याच्यापुरतं ते अजून चांगलंच होतं. पण त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात आता चेष्टा नव्हती. स्वच्छ द्वेष होता. तो सुकाणूकडे गेला आणि पाठ करून बसला. निशाणांची पेटी मोकळी झाली. मी निशाण चढवलं. त्याने अडवलं नाही, वळूनही पाहिलं नाही. किनाऱ्यावरून कोणीच आलं नाही. वहिनीला बाटली पुरली.

दुपार उतरली तसा शराव मोडला आणि पश्चिमेचा वारा एकदम सुटला. तो आम्हाला थेट हैफाला घेऊन गेला.

धक्क्यावर दोर घेणाऱ्या माणसाला मी जेरीकॅन दिला. तो पोटभर प्यायला, उरलेल्यातलं थोडं मानेवर ओतून घेतलं, आणि धन्यवाद म्हणाला. मग मी प्यायलो. याफोच्या नळाचं साधं गोडं पाणी.

उन्हाने जिभेची चव बिघडते, असं मला एका डॉक्टरने सांगितलं. तिघांची एकाच वेळी? आणि चौथ्याची फक्त सरबतापुरती? त्यावर तो घड्याळ बघायला लागला. मीही खूप वाचलं, खूप तर्क लढवले. एक बाजू झाकली की दुसरी उघडी पडते. कॅप्टनला मी पुन्हा कधी भेटलो नाही. त्याने हे कोणाला सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि सांगितलं असेल तर त्यात खारं पाणी आम्हीच पाजलेलं असणार.

धक्क्यावरून आम्ही वहिनीला तडक इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिच्या पोटाला नळी लावली. दादा भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून. डॉक्टरने बराच वेळ ऐकलं, मग नळी गळ्यात अडकवली. ठोके व्यवस्थित आहेत, म्हणाला. पोरगी दणकट निघाली, सप्टेंबरात झाली.

औषध काय द्यायचं, असं दादाने तीनतीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाला, भरपूर पाणी प्या. नंतर कळलं, या देशात पाय मोडला तरी हेच सांगतात.