ऐकताय ना, काका?

म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर मी उसाचा रस पीत उभी होते, तेव्हा मधुकाकांच्या मुलाचा, माझ्या चुलतभावाचा फोन आला. "अगं, बाबा गेले. जेवून जरा आडवे झाले होते…" पुढचं मला ऐकूच आलं नाही. समोर कंडक्टर श्रीवर्धन, श्रीवर्धन म्हणून ओरडत होता आणि मी त्या गाडीत चढले, एवढं आठवतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

मधुकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. न्हावा शेव्याच्या बंदरात वॉकीटॉकीवरून क्रेनवाल्यांना सूचना देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन गावी आले ते एक जुना स्कॅनर घेऊन. काळा चपटा डबा, वर रबरी एरियल. आसपास वायरलेसवर कोणी बोलत असेल तर तो शोधून ऐकवायचा. एका चॅनेलवरचा आवाज थांबला की पुढच्यावर उडी मारायचा. काकांना त्यात एकच गोष्ट हवी असे, आमच्या खाडीतली शिडाच्या होड्यांची शर्यत. प्रत्येक होडीत एक वॉकीटॉकी असे, दुसरा किनाऱ्यावरच्या तिच्या माणसाकडे. आम्ही समाजमंदिरामागच्या कट्ट्यावर बसायचो. इअरफोनचं एक टोक काकांच्या कानात, दुसरं माझ्या. दुपारच्या उन्हात पाणी आणि आकाश एकच होऊन जाई. होड्या इतक्या लांब की हलतायत की नाही कळू नये, आणि आवाज मात्र अगदी कानाशी. "वारा पडला रं…" "शीड ढिलं सोड." "भरती लागली हाय, येईल आता…" त्या आवाजांवर तरंगत आम्ही दोघं जागच्या जागी कुठे कुठे जाऊन यायचो.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील चळवळीच्या सभांची पत्रकं छापून आणत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे एकदा विचारलंच, "एवढी आवड आहे तर होडीत का नाही बसलात कधी? जात बघून आपल्याला कोणी घेतलं नाही म्हणूनच ना?"

काका हसले. "घेतलं नसतं, हे खरंय. आणि मला पाण्यावर उलट्या होतात, हेही खरंय. पण तू छापशील पहिलंच!"

चार वर्षांपूर्वीची शर्यत. वळायच्या जागी पाण्यात पिवळं पिंप तरंगत ठेवलेलं, त्याला बाहेरून वळसा घालायचा, हा नियम. कानात आवाज आला, "पिंपाच्या आतनं घे, सरळ किनाऱ्याला ये." मग खरखर. मग, "घे उरकून, कोण बघत न्हाय." मी पाहिलं तर कोळीवाड्यातल्या हिराजी तांडेलांची होडी खरोखरच पिंपाच्या आतून येत होती. मी उभी राहिले. "काका, ही लबाडी आहे!" काकांनी माझा हात धरला. "बस खाली. पुरतं ऐकलंस का? आणि इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं असतं."

मी हात सोडवून घेतला. किनाऱ्यावर जाऊन बक्षीस समारंभाचा माइक घेतला आणि भर मांडवात सगळं सांगून टाकलं. हिराजी शांतपणे उठले. शेजारी बसलेल्या भावाचा हात त्यांनी वर केला, तळव्याला रक्ताने भिजलेलं फडकं. दोराने तळवा फाटला म्हणून शर्यत सोडून ते आत आले होते. मग दुसऱ्याच होडीचं सुकाणू धरणारा म्हातारा तांडेल पुटपुटला, "कोण बघत न्हाय, ते मी बोललो बाय. आमचा गणू होडीत दोन तास लघवी दाबून बसलेला, आन् वॉकीटॉकीचं बटण चालूच ऱ्हायलं…" मांडवभर हशा उसळला. मधल्या खरखरीत स्कॅनरने उडी मारली होती. मी दोन होड्यांची वाक्यं एकत्र शिवली होती. हसणं ओसरल्यावर हिराजी एवढंच म्हणाले, "म्हंजे आमचं सगलं कोणतरी ऐकतं व्हय?"

पुढच्या वर्षी, कोणी ऐकू नये म्हणून, सगळ्या होड्यांवर वॉकीटॉकीच्या जागी मोबाइल आले. काका नेहमीसारखे कट्ट्यावर बसले, कानात नुसती खरखर. अन्यायाविरुद्ध मी इतकी पत्रकं लिहिली, पण म्हाताऱ्या माणसाचा समुद्र मीच बंद केला होता… त्याचं काय? मी स्वतःविरुद्ध पत्रक काढलं आणि कोळीवाड्यात घरोघर वाटलं. हिराजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "छापायला कशाला पायजे? तोंड न्हाय का तुला?" मग तोंडाने सांगितलं. काकांनी मला अडवलं होतं, हेही सांगितलं. हिराजी जाळं शिवत राहिले.

त्यानंतरच्या शर्यतीला, होड्या सुटायच्या जरा आधी, खरखरीतून आवाज आला, "काका, ऐकताय ना? वारा बेस हाय आज." काका ताठ झाले. स्कॅनरला बोलायचं बटणच नसतं. तरी ते समुद्राकडे बघून म्हणाले, "ऐकतोय रे, ऐकतोय." मग दुसऱ्या होडीनेही हाक दिली, तिसरीनेही. वॉकीटॉकी परत आले होते. पुढे ती रीतच पडली.

गेल्या रविवारी शर्यत झाली. मी एकटीच कट्ट्यावर बसले. एक टोक कानात घातलं, दुसरं शेजारी ठेवलं, त्यांच्या जागेवर. त्यांच्या जाण्याची बातमी कोळीवाड्यात सगळ्यांना होती. तरी हिराजींचा आवाज आला, "काका, ऐकताय ना?" मग पुढच्या चॅनेलवर दुसरा, मग तिसरा… सातही होड्या. मग सगळे गप्प झाले. वाट बघत असावेत तसे.

मी समुद्राकडे बघून काकांच्याच शब्दांत म्हटलं, "ऐकतोय रे…" शिडं सुटली. शेजारी दगडावर ठेवलेलं टोक बारीक आवाजात बोलतच राहिलं.