दार नसलेली भिंत

लोहाऱ्यात समुद्र सोडा, धड भरलेली विहीर दिसली तरी माणसं कठड्याशी थांबून बघत राहतात. अशा गावात तरन्नुम जर्मन जहाजबांधणीचे शब्द इंग्रजीत आणायचं काम करते, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण खरं आहे. पुण्यात शिकताना तिला जर्मनचं वेड लागलं. लग्न होऊन ती लोहाऱ्याला आली, तर वेडही सामानाबरोबर आलं. नवरा दानियाल उमरग्याला जीप भरून नेतो, आणि ही माडीवर लॅपटॉप उघडून जहाजाच्या फासळ्या नि कणे धुंडाळत बसते. नेमका शब्द सापडला की एकटीच हसते. या कामावर तिचा फार जीव.

यंदा काम जरा वेगळं आलं. जहाजाच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या कामगारांसाठी शब्दकोश करायचा होता. जर्मन शब्द, त्याला इंग्रजी शब्द आणि खाली सोप्या इंग्रजीत एका ओळीचा अर्थ. शब्द तिनं चोख दिले, अर्थांनी घात केला. पुण्याहून काम पाठवणाऱ्या अर्पिताचा फोन आला. कारखान्यातल्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं ‘शॉट’ या शब्दाखालची ओळ लाल केली होती. त्याला ‘बल्कहेड’ हा इंग्रजी शब्द तरन्नुमनं बरोबर दिला होता, पण अर्थ लिहिला होता ‘दोन खोल्यांमधली भिंत’. तसली भिंत माझ्या घरातही आहे, असा म्हाताऱ्याचा शेरा होता. लिहिणाऱ्यानं जहाज पाहिलेलं दिसत नाही, असंही त्यानं खाली जोडलं होतं. उद्यापर्यंत नीट अर्थ गेला नाही, तर काम दुसऱ्या कुणाकडं जाणार होतं.

तरन्नुमच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारा खवट होता, पण खोटं कुठं बोलला होता? दानियालनं जहाज दाखवायला जीप थेट मुंबईला न्यायची तयारी दाखवली, तेव्हा तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मुकाट जेवायला बसला.

सासूबाई, म्हणजे जमिलाबी, कणीक मळत होत्या. सुनेचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं. नुसत्या बोलण्यावर या बाईंचा विश्वास नाही, करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी फळीवरचा जेवणाचा जुना लांबट डबा काढला. एका टोकाला तळाशी भोक पडलेला, म्हणूनच बाजूला टाकलेला. हे तुझं जहाज, म्हणाल्या. मग घट्ट कणकेच्या भिंती आडव्या लावून त्यांनी डब्यात खोल्या पाडल्या आणि प्रत्येक भिंतीला सुरीनं सुबक दार कापलं. कामाबरोबर आलेल्या जहाजाच्या चित्रात तळाशी दारं दिसत नाहीत, असं तरन्नुमनं भीतभीतच सांगितलं.

“दार न्हाय तर भिंत कशाला गं? माणसं आत कोंडायचीत का?” जमिलाबी म्हणाल्या. कणीक त्यांची होती, त्यामुळं वाद संपला.

डबा पाण्याच्या पिंपात सोडला. पाणी नंतर कढीपत्त्याला घालायचं, या बोलीवर. भोकातून पाणी पहिल्या खोलीत आलं, दारातून दुसरीत, मग तिसरीत, आणि जमिलाबींचं जहाज दारांसकट तळाला गेलं.

जमिलाबी जराशा रुसल्याच. पण डबा वर काढून त्यांनी स्वतःच अंगठ्यानं एकेक दार बुजवलं. पुन्हा सोडला. पहिली खोली भरली, डब्यानं त्या बाजूनं मान खाली घातली आणि तो तसाच थांबला. बुडेना. सासूसुना पिंपावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“म्हंजे एक खोली गेली तरी घर वाचतंय की,” जमिलाबी हळूच म्हणाल्या.

तरन्नुमला इतका आनंद झाला की ओल्या हातांनीच तिनं त्यांना मिठी मारली. माडीवर धावत जाऊन तिनं लिहिलं, जहाजात आडवी घातलेली, पाणी न झिरपणारी भिंत. भोक पडलं तर पाणी एकाच कप्प्यात अडवते आणि बाकीचं जहाज तरंगतं ठेवते. मग बाकीच्या ओळीही तिनं तशाच पाजळून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी अर्पिताचा फोन आला. म्हाताऱ्यानं सगळं मान्य केलं होतं आणि बाईंनी जहाज कुठल्या गोदीत बघितलं, असं विचारलं होतं. आमच्या पिंपात, असं तरन्नुमनं सरळ सांगून टाकलं. काम तिच्याकडंच राहिलं. फोन ठेवताना तिचे डोळे भरून आले होते.

ते बघून शेजारच्या कस्तुराबाईंनी काळजीनं चौकशी केली, सून नेमकं काय काम करते तेही विचारलं. तरन्नुम सांगणार, इतक्यात जमिलाबी म्हणाल्या, “आमची तरन्नुम जहाजं बांधती.”

एकेका शब्दापायी जेवण विसरणाऱ्या तरन्नुमनं ही चूक काही दुरुस्त केली नाही.