मुठीनं काढलेलं पाऊल

डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही नाही. मग ते म्हणाले, "गियाँ-बारे सिंड्रोम. म्हणजे शरीराची राखण करणारी शक्ती चुकून आपल्याच नसांवर उठते. पायापासून वर चढत जातं."

"कुठपर्यंत?" मी विचारलं.

"छातीपर्यंत गेलं तर श्वासाला मशीन लागेल. त्यासाठी पुण्याला हलवावं लागेल. त्याआधी आवाजही जाऊ शकतो."

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. बारामतीच्या त्या दवाखान्याच्या छताला ओल आली होती, ती बघत राहिलो.

सुरुवात साधी होती. जुलाब झाले, बरे झाले. मग तळपायाला मुंग्या आल्या. मी साखर कारखान्यात शेतकी ओव्हरसिअर. उसाच्या सऱ्यांतून फिरणारा माणूस. थकवा असेल म्हणून सोडून दिलं. एका सकाळी मोटरसायकलला किक मारायला गेलो आणि पायच उचलेना. तुम्हाला असं झालं तर वाट बघू नका. मी आठवडा घालवला.

पाठीतून पाणी काढलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. मणक्यात सुई घालतात. दुखतं म्हणतात. मला फारसं कळलं नाही.

रोज डॉक्टर म्हणायचे, "एका दमात आकडे मोजा." श्वासाची ताकद त्यावरून कळते. माझा आकडा रोज थोडा खाली यायचा. शेजारच्या खाटेवर जळोचीचे एक तात्या होते, मांडीचं हाड मोडलेले. ते म्हणायचे, "ओव्हरसिअर, तुमच्यापरीस आमचा ऊस बरा. वाऱ्यानं हलतो तरी."

आई कळंबहून आली होती. ती मला पेज भरवायची. चमच्यातली पेज ओठातून गळायला लागली तेव्हा मला कळलं, आता बोलायचं तर लगेच.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. आमच्याकडं माणूस गेलं की त्या जागी पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. सकाळी पिठात जे पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेलं असं धरतात. आबा गेले तेव्हा पाटी मीच उचलली. पिठात खूर होता. फाकलेला, लहान. मेंढराचा.

बाहेर कारखान्याचे लोक भेटायला येऊन बसले होते. ओव्हरसिअरचा बाप मेंढरू झाला, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शिवाय कळप विकायचं मी आधीच ठरवलं होतं, आणि खूर बघितला असता तर आईनं एक कोकरूही हलू दिलं नसतं. मी हातानं पीठ सारखं केलं. गौरीची पावलं काढतात तशी मूठ टेकवली, वर बोटांनी पाच ठिपके दिले. आई आत आली, पाऊल बघितलं आणि म्हणाली, "मानसाच्या जल्माला गेलं." खूप दिवसांनी ती नीट जेवली. नंतर मी कळप खाटकाला दिला. ती आड आली नाही.

हे सगळं मी तिला खाटेवरून सांगितलं. आवाज घोगरा झाला होता, तात्यांनाही ऐकू गेलं असेल. आईनं वाटी खाली ठेवली आणि बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. बायकोनं भरवलं.

तो दिवस मी विसरणार नाही. एक आया आणि बायको मला कुशीवर वळवत होत्या. नाहीतर पाठीला जखमा होतात. माझं सगळं आवरायचं काम त्या आयाकडं. एरवी तिला मी दाराबाहेर उभं करून बोललो असतो. मेल्यावर दुसरा जन्म मिळतो म्हणतात. मला तो जिवंतपणीच मिळाला होता. कोणी वळवलं तर वळायचं, कोणी घास दिला तर गिळायचा. ओव्हरसिअर कुठं गेला, मी शोधलं नाही.

त्यानंतर आई आली. खाटेशी बसली.

"त्यो खूर तुज्या बाचाच हुता का, मला न्हाय सांगता यायचं," ती म्हणाली. "त्येच्यासाठी मी रडून घेतलं. पन बापू, जी मेंढरं तू दिलीस, ती समदी मागल्या जल्मी कुनाची तरी आई-बा असतीलच की."

मी म्हणालो, "आई, मला माफ कर."

"माजं मी केलं. पन मी नुसती ह्या जल्माची आई हाय. बाकीच्यांचं मी कसं माफ करू?" तिनं वाटी उचलली. "तोंड उघड."

माझा आकडा दोन-तीन दिवस तिथंच थांबला, मग चढायला लागला. पुण्याला जावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, "ज्या वाटेनं चढलं त्याच वाटेनं उतरेल. पण सावकाश." तसंच झालं. आधी मान सुधारली, मग हात. पाय सगळ्यात शेवटी आले, तेही पुरते नाहीत.

या आजारात पडलेल्यांना सांगायचं ते एवढंच. तुम्हाला उचलणारे हात कोणाचे, हे बघत बसू नका. मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे, आणि कोण कोणाचं कोण होतं, हे मला माहीत नाही. भवानीनगरला आमच्या कारखान्याच्या रस्त्यावर कधी कळप आडवा येतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. मी कडेला काठी टेकून उभा राहतो, शेवटचं मेंढरू जाईपर्यंत. तसंही मला आता भरभर चालता येत नाही.