मधल्या पंख्यावरचा हात

मी कोकणातली, दापोलीकडची. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि सकाळी जाऊन बघावं तर कुणाचा तरी विसरलेला टॉवेल निघतो. लहानपणापासून असे इतके टॉवेल बघितले की असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वासच बसला नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवही मी वाचते ते जेवणानंतरची करमणूक म्हणून... राग मानू नका.

माझं शिक्षण नववी, तीही अर्धी. त्यामुळे लिहायची भीती वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उजेडात, माझ्यासमोर — खरं म्हणजे माझ्या पाठीमागे — घडलं.

ठिकाण जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. नवऱ्याला इथल्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटरचं काम मिळालं म्हणून आम्ही चार वर्षांपूर्वी आलो. माहेर इतकं लांब की जायचं म्हटलं तर दीड दिवस प्रवासातच जातो. ओळख कुणाची नाही, भाषा मराठीच पण मला अर्धी कळायची नाही. अशा वेळी मला काम दिलं उत्तमदादांनी.

दादांचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावर, कृषी केंद्राच्या वर, पहिल्या मजल्यावर. एकच खोली. खिडकीशी टेबल, टेबलाच्या डाव्या हाताला लोखंडी स्टुलावर कॉम्प्युटर, आणि दाराजवळ कोपऱ्यात माठ. ही मांडणी लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी मीच घाबरून सांगून टाकलं, "नववी... पण पुरी नाही."

"आगं माय, मी तर सातवीलाच मास्तरला रामराम केला," दादा म्हणाले. "कान कसे हायेत तुझे?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "काय ऐकू येऊन राहिलं?"

"पंखे."

"किती?"

मी डोळे मिटले. "तीन. पण एकाचा आवाज जरा वेगळा आहे."

"मग उद्यापासून ये."

एवढीच मुलाखत!

ते मशीन पाण्यानं थंड होणारं होतं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नाचे व्हिडिओ जोडताना प्रोसेसर फार तापतो. त्याच्यावरून नळीतून पाणी फिरतं, एक छोटा पंप ते फिरवत ठेवतो. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला गाडीला असतो तसा रेडिएटर, आणि त्यावर ओळीनं तीन पंखे. तापलेलं पाणी वर येतं, पंखे त्यातली उष्णता बाहेर फेकतात, थंड झालेलं पाणी परत खाली जातं. आणलं तेव्हा ते मळणी यंत्रासारखं ओरडायचं म्हणे. शेजारचा टेलर जिन्यातूनच विचारायचा, "काय उत्तमराव, सोयाबीन काढून राहिले का?"

दादा तरुणपणी कूलर बनवून विकायचे. वारा हा त्यांचा विषय. त्यांनी काय केलं, तर कॅबिनेटची बारीक जाळी कात्रीनं कापून टाकली — शिट्टी तिथेच बंद. रेडिएटर जाळीपासून बोटभर दूर घेतला. जोरात फिरणारे पंखे काढून हळू फिरणारे बसवले. पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानाला बांधला, म्हणजे पाणी तापलं तरच ते जोर धरणार. महिन्याभरात मशीन असं झालं की टेलर वर येऊन विचारू लागला, बंद पडलं का?

"आवाज म्हंजे वारा न्हाई माय," दादा मला सांगायचे. "वाट मिळाली की वारा गुमान जातो. अडला की बोंबलतो. आन् तुमच्या कोकणात वारा फुकट मिळते, म्हणून तुला त्याची कदर न्हाई."

त्यांची रोजची एक पद्धत होती. मशीन चालू झालं की चिमूटभर कापूस पंख्यावर धरायचा. कापूस सरळ वर उभा राहिला तर वारा बराबर. मग तळहात ठेवायचा — आधी उजव्या पंख्यावर, मग डाव्या, शेवटी मधल्या. हात ठेवला की पंख्याचा आवाज दबायचा, जाड व्हायचा... बोलता बोलता कुणी तोंडाला पदर लावावा तसा. काम चालू असतानाही दिवसातून दोन-तीनदा त्यांचा हात फिरायचा. मला तो आवाज इतका सवयीचा झाला की मी मान न वळवता विचारायचे, "बरोबर आहे ना दादा?" आणि ते म्हणायचे, "बराबर."

मी एकदा विचारलं, मधला शेवटी कशाला? तर म्हणाले, "मधल्या लेकराकडं कोनी बघत न्हाई. मंग त्याला निवांत बघावं. मी बी मधलाच हाय ना."

अशा माणसाकडे मी एडिटिंग शिकले. माझ्या हातून वराती उलट्या लागल्या, एका नवरीच्या सप्तपदीला दुसऱ्याच लग्नाचा बँड लागला... पण दादांनी एकदाही आवाज चढवला नाही.

यंदा एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचं, अर्चनाचं, लग्न झालं. त्या दिवशी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी मुद्दाम त्यांना टिपत होते, कारण हजारो लोकांची लग्नं काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही व्हिडिओ नव्हता. नेहमी कॅमेऱ्यामागे. ते वैतागायचे, "मला काहून घेऊन राहिली? नवरीला घे!" तरी मी अकरा मिनिटांचं त्यांचं शूटिंग जमवलं.

आणि इथे माझी चूक झाली.

स्टुडिओचा नियम होता: शूटिंग आधी मशीनमध्ये, मग दुसऱ्या डिस्कवर, आणि मगच मेमरी कार्ड पुसायचं. तिथी पाठोपाठ होत्या. दुसऱ्या दिवशी साखरा गावच्या लग्नाला कार्डं हवी होती आणि दुसरी डिस्क भरली होती. मी मशीनमध्ये उतरवलं, कार्डं पुसली, म्हटलं डिस्कचं बघू नंतर. कुणाला बोलले नाही.

लग्नाच्या नवव्या दिवशी दादा गेले. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली, औंढ्याला पोचेपर्यंत संपलं होतं.

स्टुडिओ बंद. किल्ली त्यांच्या घरी. तेराव्यापर्यंत मी एकही रात्र नीट झोपले नाही. ती अकरा मिनिटं जगात फक्त एका ठिकाणी होती आणि ते फक्त मला माहीत होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अर्चना किल्ली घेऊन माझ्या दारात. रडून डोळे सुजलेले.

"ताई, मी उद्या सकाळी पुण्याला जाऊन राहिले. तोवर होईल का गं? पूर्ण लग्न नको मला. फक्त बाबा दे."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बारा वाजता स्टुडिओ उघडला. आधी दुसरी डिस्क मोकळी करून कॉपी काढायला हवी होती, हे आज कळतं. तेव्हा डोक्यात एकच, उद्या सकाळच्या आत द्यायचं. मशीन चालू केलं. पाणी गुळगुळ वाजलं आणि शांत झालं. कापूस धरला नाही, हातही ठेवला नाही. विसरले नव्हते... ते काम दादांचं होतं, माझी हिंमत झाली नाही.

क्लिप जोडल्या. दादांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून खोलीतला कूलर बंद ठेवला. खिडक्या लावलेल्या, दाराला आतून कडी. घामानं मी भिजले होते, पण मशीन छान वाटत होतं. पंखे अगदी हळू, स्क्रीनच्या कोपऱ्यात पाण्याचं तापमानही कमी. मला बरंच वाटलं. दोनच्या सुमारास फायनल फाइल बनवायला लावली. चाळीस मिनिटं दाखवत होतं, पण आकडा काही पुढे सरकेना. म्हटलं आपलंच मन उतावीळ झालंय. उठले आणि माठातलं पाणी घ्यायला गेले. मशीनकडे पाठ.

पेला भरत होते तेव्हा मागे पंख्याचा आवाज दबला. जाड झाला. उजवीकडचा. मग सुटला.

मग डावीकडचा दबला. सुटला.

मग मधला.

मी मान न वळवता म्हणाले, "बरोबर आहे ना दादा?"

...आणि मग मला आठवलं.

 मी वळले. खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी तशीच. पण मधल्या पंख्याचा आवाज अजून दबलेलाच होता. म्हणजे हात उचललेला नव्हता. पूर्वी हात असा मधल्यावरच थांबला, तर काहीतरी बिघडलेलं असायचं आणि दादा म्हणायचे, "मधलं बघ गं."

पेला हातातून पडला असावा, कारण नंतर फरशी ओली होती. मी जाऊन मधल्या पंख्यावर तळहात ठेवायला गेले, आणि हात खाली यायच्या आधीच आवाज मोकळा झाला. जणू कुणी जागा करून दिली. हाताला वारा लागला तो थंड. एवढं जड काम चालू असताना जिथून गरम झळ यायला हवी, तिथून माठाच्या बुडासारखा गारवा.

बाजूची काच काढली. प्रोसेसरजवळची नळी तापून मऊ पडली होती आणि जोडापाशी निळ्या पाण्याचा थेंब लोंबत होता. बरोब्बर खाली मशीनची डिस्क, ती अकरा मिनिटं जिच्यात होती ती. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ओढणीचं टोक थेंबाखाली धरून तशीच उभी राहिले. एका हातानं नवऱ्याला फोन लावला, नवऱ्यानं सलीमभाईंना.

सलीमभाई हिंगोलीचे कॉम्प्युटर मेकॅनिक, दादांचे जुने दोस्त. पाचच्या आत मोटरसायकलवर हजर. त्यांनी उघडून बघितलं. पंप अडकला होता. पाणी फिरतच नव्हतं, म्हणून रेडिएटर थंड, तापमान तिथलंच मोजलं जायचं म्हणून पंखे शांत, आणि खाली सगळं उकळत होतं.

"ताई, थोडी देर और होती तो सब पानी डिस्कपर," ते म्हणाले. "आपको समझा कैसे? ये तो आवाजच नही करता."

मी घडलं ते सांगितलं. ते हसले नाहीत. आधी म्हणाले, लाइट कमी-जास्त झाली असेल. मग वाकून पंख्यांच्या वायरी बोटानं माग काढत बघितल्या.

"तिन्ही पंखे एकाच वायरवर आहेत, ताई. लाइट कमी झाली तर तिघं एकदम हळू होणार. एक-एक करून... होऊच शकत नाही."

"हात ठेवला तर?"

"हात ठेवला तर होईल," ते म्हणाले, आणि आपला हात पुसून खिशात घातला.

डिस्क काढून त्यांनी आपल्या लॅपटॉपला जोडली. उघडली! अर्चनाला बोलावलं. ती यायच्या आधी मी ठरवलं होतं, तसं सगळं सांगून टाकलं — कार्डं पुसली, कॉपी नव्हती, आज बाबा गेलेच असते. मला वाटलं आता ती मला दारातूनच घालवेल.

ती म्हणाली, "बाबा घरी सांगायचे, कोकणीनं आज बी घोळ घातला. पण कान चांगले हायेत तिचे. आता लाव ना ताई."

मी व्हिडिओ लावला. मांडवात बायकांच्या बाजूला तीन मोठे कूलर होते. मीच शूट केलं, दुपारी जोडलंही मीच, पण कान दादांच्या आवाजाकडे होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अक्षता पडून गेल्यात, लोक जेवायला उठतायत, आणि नवरीचा बाप फेटा बांधून, सगळ्यांना सोडून, कूलरपाशी गेलाय. उजव्यापुढे हात धरला. डाव्यापुढे धरला. मग मधल्यापुढे धरून तसाच उभा, आणि मांडववाल्याला खूण करतोय — इकडं ये, हे बघ.

अर्चना रडता रडता हसायला लागली. "बघा माय! माझ्या लग्नात बी ह्यांचं कूलरच!" तिनं तेवढाच भाग पाच-सहा वेळा लावायला लावला.

रात्री सलीमभाईंच्या लॅपटॉपवर फाइल बनवली आणि सकाळी अर्चना ती घेऊन पुण्याला गेली. सलीमभाईंनी नवा पंप बसवला. स्टुडिओ आता अर्चनाच्या सांगण्यावरून मी चालवते. दुसरी डिस्क घेतली, तिसरीही घेतली.

मला अजूनही उत्तर मिळालेलं नाही. कुणी म्हणतं तेरा दिवसांचं जागरण, कान वाजले असतील. असेल. पण कान वाजले, तर बरोबर त्याच क्रमानं कसे वाजले, आणि बरोबर त्याच वेळी? इथे जाणकार लोक आहेत. कुणाला पंख्यांतलं कळत असेल तर जरूर सांगा, मी मनाला लावून घेणार नाही.

आता रोज मशीन चालू केलं की कापूस मीच धरते. उजव्या पंख्यावर हात ठेवते, डाव्यावर ठेवते. मधल्यावर ठेवायच्या आधी मात्र जरा थांबते, आवाज ऐकते. तिथे आधीच कुणाचा हात असला तर... उगाच मध्ये यायला नको.