खिशातलं खोडरबर

निबंधाचा विषय होता 'आमची गाय'. वर्गातल्या चाळीस वह्यांत एकच गाय चरत होती, गाइडमधली, गरीब आणि उपयुक्त. खिडकीपाशी सुमन मात्र एक ओळ खोडत होती. मी वाकून वाचली: 'आमची गाय मारकी आहे, पण आई रडली की तिचा हात चाटते.'

"का गं खोडतेस?"

"सर, गाइडमध्ये असं नाहीये."

"गाइडवाल्याने तुझी गाय पाहिलीय का?"

मी जादूगाराच्या ऐटीत तिचं खोडरबर उचललं आणि माझ्या खिशात टाकलं. लिहायला शिकवणं पुष्कळदा एवढंच असतं. ओळी मुलांकडे असतातच.

सुमनने पुसट झालेली ओळ ठसठशीत गिरवली. मग माझ्याकडे तिरकं पाहत खाली आणखी एक लिहिली: 'ती सरांनाही मारेल.'