सगळ्यात कमी जोराचं मशीन

कोचकोर गावात सगळे सांगतात की जेक्शेन बाइकेंनी घरातला बायकोचा वास घालवायला जोरात पाणी मारून धुणारं मशीन आणलं. आमच्या गल्लीत ही बातमी गुलबारा एजे पुरवतात (थोरल्या बाईला इथे एजे म्हणतात, थोरल्या पुरुषाला बाइके), आणि दर वाक्यामागे चहाचा एक घोट. "वर्ष नाही झालं अजून," सुर्र, "आणि निघाला धुऊन टाकायला," सुर्र, "पुरुषांचं असंच असतं बाई."

खोटं आहे. मशीन एका शिरदकसाठी, नमद्याच्या जाजमासाठी आणलं.

बाइकेंची बायको, केंजे एजे, गेल्या त्याला येत्या शुक्रवारी वर्ष होणार होतं. वर्षाच्या जेवणाला पाहुण्यांना बसायला अंथरायचा तो त्यांच्याच हातचा शिरदक, लाल-काळ्या नमद्याचा, नक्षीच्या कडेकडेनं टाका घातलेला. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी कापतात, त्यामुळे प्रत्येक शिरदकला उलट्या रंगांचं जुळं भावंड असतं. याचं भावंड लेकीच्या, आयचुरोकच्या, घरी गेलं होतं. तिनं ते वसंतात शेजाऱ्यांच्या दांडग्या मशीनखाली धरलं आणि नक्षीतलं मधलं शिंग उसवून हातात आलं. आता टाका घालणारं माणूस नाही. उरला हा एकच.

बाइके चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. ब्रशनं घासायला गुडघे वाकत नाहीत, आणि सुनेला हात लावू देत नव्हते. म्हणून बाजारात गेले. आम्ही भिंतीला भिंत लागून शेजारी, आमचं बटाट्याचं पोतं त्यांच्या गाडीतून यायचं होतं, म्हणून मीही होते.

पहिला दुकानदार मेदेर. हा बोलतो म्हणजे लग्नात माईक हातात घेतल्यासारखा. "या बाइके, या! पाण्याचा जोर एकशे साठ बार! गाडीवर मारा, चिखल जाईल. जरा जवळ धरा, रंग जाईल. अजून जवळ धरा, गाडी जाईल!"

"याच्याहून कमी?" बाइके म्हणाले.

"कमी कशाला? जोर आहे म्हणून तर मशीन म्हणायचं."

बाइकेंनी कोटाच्या खिशातून नमद्याचा हाताएवढा तुकडा काढला. शिरदक शिवताना उरलेल्या कातरणांवर केंजे एजे टाक्याचा सराव करायच्या. असे तुकडे घरात पोतंभर होते. "यावर मारा."

मेदेरनं मारलं. लोकर कापसासारखी फुगली आणि दोरा वर आला. बाइकेंनी तुकडा पिळून दुसऱ्या खिशात ठेवला. "बरं," म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात मशीनला नळाचंच पाणी लागत होतं. बाइकेंच्या घरी नळ नाही, बादलीतून ओढणारं हवं. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द, "बरं." राग नाही, कंटाळा नाही. मला गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात, पण या "बरं"ची नक्कल होत नाही. त्यात पकडायला काही नाहीच.

चौथा दुकानदार ओशाळला. "शंभर बारचं आहे एक. पण बाइके, ते कोणी नेत नाही. सायकलीवाल्यांसाठी ठेवलंय. आपली वीज उतरली तरी चालतं, एवढाच त्याचा गुण."

"बादलीतून ओढतं?"

"ओढतं. गाळणी मात्र लावा, पाटाच्या पाण्यात गाळ असतो."

पंख्यासारखं पाणी फेकणारं तोंड लावून, हातभर लांबून मारलं. टाका हलला नाही. बाइकेंनी तो नखानं ओढून पाहिला. मग म्हणाले, "बांधा."

मंगळवारी सकाळी अंगणातल्या उतरत्या काँक्रीटवर शिरदक पसरला. मी कुंपणावर बसले होते.

"बाइके, उसवणार," मी म्हणाले. "निदान एक तरी टाका. आयचुरोक ताईचं उसवलंच की."

"तिनं जोराचं मारलं."

"हातचंच काम ते. पैज?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्या वर्षात पहिल्यांदाच. "जिंकलीस तर?"

"मशीन आठवडाभर माझं."

"हरलीस तर तू केंजेचा आवाज काढायचा नाही."

चहाला बायका जमल्या की मी तो काढायची. 'बूट बाहेर, जेक्शेन, तुझ्या बसमध्ये नाही आलास तू' असं. बायका हसून डोळे पुसायच्या. बाइके भिंतीपलीकडेच असायचे. हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

"लागली," मी म्हणाले. आता माघार कशी घेणार?

टाक्यांच्या दिशेनं, हातभर लांबून, वीतवीत सरकत ते दुपारपर्यंत धूत होते. पाणी आधी राखेसारखं निघालं, मग चहासारखं, मग नितळ. शेवटी मला म्हणाले, "शोध." मी रांगत रांगत प्रत्येक शिंग, प्रत्येक कड बोटांनी चाचपली. दोनदा. कुठेही काही सुटलं नव्हतं.

"बरं," बाइके म्हणाले आणि मशीनची वायर गुंडाळू लागले.

शुक्रवारी पाहुणे त्याच शिरदकवर बसले. जेवणं झाल्यावर गुलबारा एजेंनी मला खुणावलं. "काढ ना गं जरा केंजेला. बरं वाटेल सगळ्यांना."

"मला येत नाही," मी म्हणाले.